डावीकडून कोण कोण?

पेपरात इंटर्नशिप सुरू झाल्यापासून रोज काहीतरी डोक्यात घेऊन येते आणि सकाळपर्यंत निम्मं विसरते, म्हणून आज आल्या आल्या लिहायला बसले.

आज बॅडमिंटनची फायनल होती. हॉलमधला उजेड यथातथाच, तरी शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू करायचं नाही (नाहीतर खेळाडू हललेला येतो) म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, ३२०० ला नेला, लेन्स एफ २.८ ला पूर्ण उघडी, आणि फ्लॅश तर नाहीच कारण खेळणाऱ्याच्या डोळ्यावर येतो. ग्रेन, म्हणजे फोटोत दाणे, आला तर आला, हललेल्या फोटोपेक्षा केव्हाही बरा. कॉलेजमध्ये शिकलेलं हे सगळं इथे कामाला येतंच. पण मी ऑफिसला पोचल्यावर आमचे सिनियर फोटोग्राफर सर फोटो बघायच्या आधी विचारतात, "नावं आणलीस का?"

म्हणजे फोटोत दिसणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, ऱ्हस्व-दीर्घासकट, डावीकडून क्रमाने. त्याशिवाय फोटोओळ, म्हणजे फोटोखाली छापायची ओळ, होत नाही आणि फोटोओळ नसेल तर तो फोटो डेस्कच्या, म्हणजे पान तयार करणाऱ्या संपादकांच्या, काही उपयोगाचा नाही, कितीही भारी असू दे. मला आता वाटतं की या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे आणि वर्गात आम्ही याबद्दल जवळजवळ बोललोच नव्हतो.

जिंकलेल्या मुलीकडे वही दिली तर तिने घामेजल्या हाताने स्वतःच नाव लिहिलं आणि आडनावातल्या एका अक्षराखाली रेघ मारून म्हणाली, "ताई, हे सगळे चुकवतात." मग हरलेल्या मुलीकडे गेले. ती बॅग भरत होती, म्हणाली माझं कशाला. मी म्हटलं अगं तू पण आहेस ना फोटोत, नेटवर हात मिळवतानाचा आहे, तुझ्याशिवाय तो फोटो होतच नाही. तिने पण लिहून दिलं, शाळेच्या नावासकट.

ऑफिसात सरांनी तोच फोटो उचलला. मागे कोपऱ्यात एक पाण्याची बाटली लोंबकळल्यासारखी दिसत होती, मी विचारलं काढायची का, दोन क्लिकचं काम आहे. सर नाही म्हणाले, आणि मग सांगितलं की २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पुलित्झर हा पत्रकारितेतला मोठा पुरस्कार मिळालेल्या एका फ्रीलान्स फोटोग्राफरचं काम कायमचं बंद केलं, का तर त्याने सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यातला व्हिडिओ कॅमेरा पुसला होता. बातमीच्या दृष्टीने त्या कॅमेऱ्याला काही महत्त्व नव्हतं, तरीसुद्धा. मला हे पटलं. वाचणाऱ्याने एकदा शंका घेतली की मग कुठल्याच फोटोवर तो विश्वास ठेवणार नाही. बाटली राहिली.

टोन, म्हणजे फोटोतला उजळ-गडदपणा, मात्र सुधारायचा असतो, आणि तो स्क्रीनवर बघून नाही. न्यूजप्रिंट शाई पिते, छपाईचे ठिपके पसरतात, त्यामुळे स्क्रीनवर छान दिसणारा चेहरा कागदावर काळवंडतो, सावळ्या माणसाचे तर डोळेच हरवतात. म्हणून मिडटोन, म्हणजे ना फार उजळ ना फार गडद असे मधले भाग, उजळ करायचे, स्क्रीनवर जरा फिकट वाटलं तरी चालेल. सरांनी आजचा पेपर मॉनिटरशेजारी धरून दाखवलं आणि मग मीच दोघींचे चेहरे नीट केले, हरलेली मुलगी लाइटपासून लांब होती तिला थोडं जास्त.

पान लावताना जागा कमी पडली. पानाची मांडणी करणारा पेजमेकर म्हणाला एका बाजूने कापू, विनर तेवढी ठेवू, दोन कॉलममध्ये बसेल. उपसंपादक मॅडमनी फोटोओळ वाचली, दोन्ही नावं वाचली, आणि बातमीचा शेवटचा परिच्छेद कापला! फोटो तीन कॉलम पूर्ण गेला. खाली माझं नाव छोट्या अक्षरात आहे, त्याचा आनंद आहेच, पण "डावीकडून" नंतर ती दोन नावं बरोबर पडली आणि त्या रेघ मारलेल्या अक्षरासकट पान छपाईला सुटलं याचा जास्त झालाय.

उद्या एका शाळेचं विज्ञान प्रदर्शन आहे, ग्रुप फोटो असणारच आणि पोरं एका जागी उभी राहत नाहीत, तेव्हा आधी फोटो मग नावं की आधी नावं मग फोटो हे सकाळी सरांना विचारायचंय.