मागची खोली तापेना

स्कॉटलंडमधल्या एव्हिमोरच्या कॅम्पसाइटवरून फोन आला, तेव्हा पारा उणे आठवर होता. आजी काळजीत होत्या. "पुढे ऊब आहे हो, पण मागे झोपवत नाही. बॉयलरच बदलावा लागेल का?" कॅरव्हॅनची, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायच्या फिरत्या घराची, हीटिंग दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. बॉयलर बदलायची पाळी क्वचितच येते, म्हणून म्हटलं, "आधी बघू तर द्या."

त्यांच्या कॅरव्हॅनमध्ये गरम पाण्याची हीटिंग होती. बॉयलर पाणी आणि ग्लायकॉलचं (पाणी गोठू न देणाऱ्या द्रवाचं) मिश्रण तापवतो आणि बारा व्होल्टचा छोटा पंप ते भिंतीलगतच्या नळ्यांमधून फिरवतो. पंख्याची घरघर नाही, कोरडी झळ नाही. मला ही पद्धत मनापासून आवडते. म्हणूनच तिची हेळसांड बघवत नाही.

आत गेलो. पुढच्या नळ्यांना हात लावता येत नव्हता, मागच्या बर्फासारख्या. पंप चालत होता, पण मागून गुळगुळ आवाज येत होता. पुण्यात गच्चीवरच्या सोलरला एअर लॉक होतो, म्हणजे नळीत हवा अडकून पाणी पुढे सरकत नाही, तसंच हे. ऑक्टोबरात एका गॅरेजमध्ये ग्लायकॉल बदलून घेतला होता आणि हवा पुरती काढलेली नव्हती. कपड्यांच्या कपाटातल्या एक्सपान्शन टाकीचं, म्हणजे तापून फुगलेला द्रव सामावून घेणाऱ्या टाकीचं, झाकण उघडलं तर आणखी वाईट. द्रव स्वच्छ गुलाबी असायला हवा, तो तपकिरी झाला होता. बोटाला जेलीसारखा चिकट थर लागला. जुना द्रव पूर्ण न काढता दुसऱ्या जातीचा ओतला की असं होतं. मग गंजापासून रक्षण करणारी रसायनं निकामी होतात आणि बॉयलरच्या आतलं अॅल्युमिनियम खराब व्हायला लागतं.

बॉयलर बंद करून द्रव कोमट होऊ दिला. या गाडीत पंप टाकीच्या झाकणालाच होता, त्यामुळे हवा काढताना तोही बंद. जॉकी व्हील, म्हणजे पुढच्या दांड्याचं वरखाली होणारं छोटं चाक, फिरवून पुढचं टोक उचललं, फडकं धरलं आणि नळीतली हवा सोडायचा एअर स्क्रू अर्धा फेरा सैल केला. आधी फुस्स, मग थुंकल्यासारखे थेंब, मग अखंड धार. लगेच आवळला. टाकीतली पातळी भरून घेतली, पुढचं टोक खाली करून पुन्हा तेच. पंप सुरू केला आणि मागची नळी टीचटीच करत तापत गेली.

तरी पलंगाजवळ गारवा होताच. पलंगाखालचा कप्पा रजयांनी आणि खोक्यांनी गच्च भरलेला. हवा खालून शिरून भिंतीमागून वर चढली, तरच खोली तापते. आजोबांनी मुकाट्याने सगळं बाहेर काढलं. हा बॉयलर गॅसवर आणि विजेवरही चालतो; त्याचा बाहेरचा गॅस सिलिंडर निळा, म्हणजे ब्यूटेनचा निघाला. शून्याच्या आसपास ब्यूटेनचा वायूच होत नाही, त्यामुळे सगळा भार बॉयलरमधल्या विजेच्या हीटरवर पडला होता. लाल, प्रोपेनचा सिलिंडर लावायला लावला. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वायुरूपात येतो.

आजींना एवढंच बजावलं: टाकीतली पातळी थंड असताना आठवड्यातून एकदा बघा, नळाचं गरम पाणी साठवणारी टाकी गाडी उभी करून ठेवण्याआधी रिकामी करा, आणि त्या द्रवात हाताशी येईल ते ओतू नका. तपकिरी मिश्रण मात्र पूर्ण उपसून सगळी लाइन धुवायला हवी. ते काम तिथे बर्फात होणारं नव्हतं. मार्चमध्ये गाडी वर्कशॉपला आणायचं ठरलं.