तुम्ही विचारलंत म्हणून: सीपीयूला फॅन कोणता घ्यावा?

मार्च संपत आला की हा प्रश्न सुरू होतो. "भाऊ, सीपीयूला चांगला फॅन कोणता?" विचारणाऱ्यांत कुणी घरी डीटीपी करतं, कुणी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतं, कुणाच्या मुलाला गेम खेळायचे असतात. अकोल्यात वीस वर्षं कॉम्प्युटर जोडतोय, खोलतोय, साफ करतोय, त्यामुळे फोन माझ्याकडे येतो. मी पटकन एक नाव सांगत नाही आणि उलट प्रश्नच विचारत बसतो, याचा काहींना रागही येतो. ते प्रश्न का विचारतो, हे आज नीट लिहितो.

पहिला प्रश्न असतो, कॉम्प्युटर ज्या खोलीत आहे तिथे दुपारी तीनला किती तापमान असतं?

सीपीयू म्हणजे प्रोसेसर, कॉम्प्युटरची सगळी आकडेमोड करणारी चिप. त्यावरचा पंखा थंडावा तयार करत नाही. तो उष्णता प्रोसेसरवरून उचलतो आणि तुमच्याच खोलीतल्या हवेत टाकतो. म्हणजे खोलीची हवा जितकी गरम, त्याखाली प्रोसेसर कधीच जाणार नाही, कितीही महागडा कूलर लावा. तुम्ही यूट्यूबवर ज्या चाचण्या पाहता, त्या बहुतेक वातानुकूलित खोलीत झालेल्या असतात. समजा तिथे खोली २२ अंशांवर होती आणि प्रोसेसर ७२ वर थांबला. लक्षात ठेवायचा आकडा ७२ नव्हे, दोन्हींतला ५० अंशांचा फरक. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो आणि माझ्या मधल्या खोलीत दुपारी ३८ असतं. तोच प्रोसेसर, तोच पंखा, तेच काम, तर इथे ८८. पुण्यात किंवा बंगळुरूत बसून कुणी "मला हा पंखा पुरतो" म्हणत असेल तर तो खरंच बोलतोय, पण त्याच्या खोलीपुरतं.

विदर्भात कूलर म्हटलं की पत्र्याचा, ताट्यांचा, पाण्याचा कूलर डोळ्यांपुढे येतो. कॉम्प्युटरसाठी सगळ्यात मोठा फरक तोच पाडतो. कोरड्या उन्हाळ्यात खोलीतले जे अंश तो उतरवतो, जवळपास तेवढेच प्रोसेसरवरून उतरतात. फक्त कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नका. ओल्या हवेबरोबर पाण्याचे तुषार येतात, आमच्या बोअरच्या पाण्यातला क्षार येतो, आणि तो मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, बसलेला मी पाहिलेला आहे.

आता गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. शेजारची मुलगी आर्किटेक्चरला आहे. रेंडर लावलं, म्हणजे डिझाइनवरून पक्कं चित्र बनवायला घेतलं, की तिचा कॉम्प्युटर संथ व्हायचा, कधी कधी बंदच पडायचा. सबमिशनला चार दिवस होते. "काका, फॅन बदलायचाय, कोणता आणू?" म्हणून रात्री आली. सहा कोअरचा, ६५ वॅटचा प्रोसेसर, आणि त्यावर खोक्यातूनच आलेला गोल पंखा. मी तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो चालू केलं आणि रेंडर लावायला सांगितलं. मिनिटभरात आकडा १०० ला टेकला आणि तिथेच चिकटला. ६५ वॅटचा प्रोसेसर मिनिटभरात शंभरी गाठत असेल, तर दोष बहुतेक वेळा पंख्याच्या ताकदीत नसतो.

कॅबिनेट आडवं केलं, टॉर्च धरली. त्या पंख्याला चार पाय असतात, मदरबोर्डच्या चार भोकांत दाबून बसवायचे. तीन पाय नीट बसले होते. चौथ्याचं काळं डोकं बाकीच्यांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर होतं. ज्या दुकानात कॉम्प्युटर जोडला तिथे तो पूर्ण बसलाच नव्हता. पंखा काढला तेव्हा प्रोसेसर आणि पंख्याच्या धातूमध्ये लावलेल्या पेस्टचा ठसा सगळं सांगत होता: एका कोपऱ्यात ती दाबली जाऊन पातळ पसरलेली, आणि समोरच्या कोपऱ्यात आठ महिन्यांनंतरही जशीच्या तशी जाड, लेपासारखी. त्या बाजूला धातू धातूला टेकलाच नव्हता. तांबं उष्णता हवेपेक्षा हजारो पटींनी सहज वाहून नेतं, आणि पेस्टचं काम एवढंच की दोन धातूंमधल्या बारीक खाचांतली हवा हाकलायची. जाड थर तिथे अडथळाच ठरतो.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तुरीच्या दाण्याएवढी नवी मधोमध ठेवली, आणि पाय समोरासमोरच्या जोडीने दाबले. प्रत्येक पाय बसला की "टक्" असा स्वच्छ आवाज येतो, तो चारदा ऐकू आलाच पाहिजे. पायाच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. त्या दिशेने फिरवलं की पाय सुटतो, म्हणून बसवण्याआधी डोकं उलट्या दिशेला शेवटपर्यंत फिरवून घ्यायचं. मग मदरबोर्डच्या मागच्या बाजूने बघायचं की चारही पांढऱ्या टोकांमध्ये काळी खुंटी उतरली आहे. पुन्हा रेंडर लावलं. खोलीत ३६, दहा मिनिटांनी प्रोसेसर ८६. एक रुपया खर्च झाला नव्हता.

म्हणून माझा दुसरा प्रश्न असा असतो की पंखा शेवटचा कधी काढून बसवलात आणि धूळ कधी झाडलीत? धूळ झाडताना ब्लोअर मारा, पण पात्यांना बोट लावून धरा. झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचा एएम४ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसरची बैठक) असेल तर आणखी एक काळजी घ्या. त्यात पिना प्रोसेसरला असतात, आणि पेस्ट वाळली असेल तर कूलर सरळ वर ओढताना प्रोसेसरही उखडून येतो, पिना वाकतात. आधी दहा मिनिटं कॉम्प्युटर चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करा, प्लग काढा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवा.

एवढं करूनही त्या मुलीने नवा कूलर घेतलाच, आणि बरोबर केलं. कारण होतं आवाज. आजी त्याच खोलीत झोपते. खोक्यातला छोटा पंखा उन्हाळ्यात कायम पूर्ण वेगाने फिरत होता, आणि तो आवाज भिंतीपलीकडे माझ्याकडेही यायचा. माझ्या मते ६५ वॅटच्या प्रोसेसरसाठी वेगळा कूलर घेण्याचं सगळ्यात सच्चं कारण शांतता हेच आहे.

पंख्याच्या आवाजाचं गणित आपल्या बाजूने आहे. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि कानाला हा फरक फार मोठा वाटतो. म्हणजे मोठा पंखा घ्यायचा आणि सावकाश फिरवायचा. १२० मिलिमीटरचा पंखा हजार-बाराशे आरपीएमला (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) जे काम करतो, त्यासाठी छोट्याला जीव तोडून फिरावं लागतं. त्यातून पंख्याखाली पत्र्यांचा उभा मनोरा असेल, ज्याला टॉवर कूलर म्हणतात, तर उष्णता पसरायला जागाही कितीतरी जास्त मिळते.

या टॉवरमधल्या तांब्याच्या नळ्या भरीव असतात असं अनेकांना वाटतं. त्या पोकळ असतात. आतली हवा काढून थोडंसं पाणी भरून त्या कायमच्या बंद केलेल्या असतात. हवा नसल्यामुळे पाणी थोड्या उष्णतेतच उकळतं, वाफ वरच्या पत्र्यांकडे जाते, तिथे थंड होऊन पुन्हा पाणी होतं, आणि कंदिलाची वात जसं रॉकेल ओढते तसं नळीच्या आतलं सच्छिद्र तांबं ते पाणी प्रोसेसरकडे परत ओढून आणतं. ना मोटर, ना वीज. जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ही नळी तयार केली, तेव्हा डोळ्यांपुढे अवकाशयानं होती. आज ती दोन-तीन हजारांच्या कूलरमध्ये मिळते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

नुसता पंखा बदलणाऱ्यांसाठी एक गोष्ट. खोक्यावर किती हवा फेकतो याचा आकडा मोठा छापलेला असतो, सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. हा आकडा मोकळ्या हवेतला. पत्र्यांच्या दाटीतून हवा ढकलायला दाब लागतो, आणि तो स्टॅटिक प्रेशर म्हणून वेगळा दिलेला असतो. ताट्या जाड भरल्या किंवा क्षाराने बुजल्या की कूलरचा पंखा गरगर फिरतो पण खोलीत हवा येत नाही, हे आपण दरवर्षी अनुभवतो. तेच इथे. कॅबिनेटच्या मागच्या मोकळ्या जाळीला जास्त सीएफएमचा पंखा चालेल, हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरवरच्या पत्र्यांच्या दाटीवर, मात्र दाबाचा आकडा बघा. पंखा उलटा लावू नका. ज्या बाजूला मधला आधार आणि आडव्या पट्ट्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. हवा कॅबिनेटच्या पुढून मागे जाईल असं तोंड ठेवा.

आणि चार पिनांचाच घ्या. चौथ्या पिनेवरून मदरबोर्ड पंख्याचा वेग कमी-जास्त करतो. तीन पिनांचाही चालतो, पण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) त्या हेडरचा, म्हणजे वायर लावायच्या पिनांचा, मोड डीसी करायला विसरलात तर तो कायम पूर्ण वेगाने ओरडत राहतो. वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या हेडरलाच लावा.

विकत घेण्याआधी टेप घेऊन बसा. मदरबोर्डपासून कॅबिनेटच्या झाकणापर्यंत किती जागा आहे ते मोजा. डीपकूलचा एके४०० किंवा थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिलिमीटरच्या आसपास उंच आहेत, नॉक्टुआचा एनएच-डी१५ तर १६५. स्वस्त अरुंद कॅबिनेटमध्ये हे बसत नाहीत आणि मग झाकण उघडं ठेवून लोक वर्ष काढतात, धुळीत. रॅमच्या उंच पट्ट्या पंख्याला अडतात का, तेही बघा. जुना कूलर नव्या मदरबोर्डवर न्यायचा असेल तर भोकांमधलं अंतर तपासा. इंटेलच्या एलजीए ११५१ आणि १२०० सॉकेटला ते ७५ मिलिमीटर होतं, १७०० आणि १८५१ ला ७८ आहे. तीन मिलिमीटरचाच फरक, पण योग्य किट नसेल तर कूलर नीट टेकत नाही.

खोक्यावरच्या वॅटवर विसंबू नका. कोअर आय५-१२४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण जोर लागला की तो ११७ पर्यंत जायची मुभा इंटेलनेच दिलेली आहे. आय९-१४९००के २५३ वॅटपर्यंत जातो. पहिल्याला चार नळ्या आणि एक पंखा असलेला टॉवर आमच्या मे महिन्यातही पुरतो. दुसऱ्याला सहा नळ्यांचा, दोन पंख्यांचा मोठा टॉवर किंवा पंपाने द्रव फिरवणारा लिक्विड कूलर लागतो. मधल्या लोकांनी लिक्विडच्या मागे लागू नये असं माझं ठाम मत आहे. पंप हा आणखी एक बिघडणारा भाग, आणि शेवटी तोही उष्णता त्याच खोलीत सोडतो. रायझन ७००० मालिकेतले, नावाच्या शेवटी एक्स असलेले प्रोसेसर पूर्ण जोरात ९५ अंशांवर चालावेत अशीच एएमडीची रचना आहे, त्यामुळे तिथे ९५ दिसलं की घाबरून धावत जाऊ नका.

त्या मुलीचं कॅबिनेट मोजलं, १६० मिलिमीटरपर्यंतचा टॉवर बसत होता. तिने चार नळ्यांचा, १२० मिलिमीटर पंख्याचा घेतला. या वेळी तो मागून पट्टी लावून स्क्रूने कसायचा होता. मी फक्त टॉर्च धरली, बसवला तिनेच, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत. बायोसमध्ये वेगाची रेषा अशी लावली की ७० अंशांपर्यंत पंखा नऊशेच्या पुढे जाणार नाही, आणि तापमान क्षणभर उसळलं तर लगेच वेग वाढवणार नाही. खोलीत ३६ असतानाच रेंडर लावलं. दहा मिनिटांनी ७४. आजीने विचारलं, चालू आहे ना ते?