तुम्ही विचारलंत म्हणून: न ओरडता वर्ग कसा सांभाळायचा?

बी.एड.चे विद्यार्थी आमच्या वडोदऱ्यातल्या शाळेत पाठ घ्यायला येतात, तेव्हा मधल्या सुट्टीत कुणीतरी विचारतंच, "बेन, तुम्ही ओरडत नाही, हातात पट्टी नसते, तरी सहावीचा वर्ग तुमचं ऐकतो कसा?" पालकसभेतही हाच प्रश्न येतो. "घरी एकाला सांभाळताना नाकी नऊ येतात, तुम्ही पस्तीस-चाळीस कसे सांभाळता?"

माझं उत्तर असं की गडबड सुरू झाल्यावर काय करायचं, यावर आपण फार डोकं खर्च करतो. गडबडीच्या आधीच्या दोन मिनिटांत वर्गात काय चाललं होतं, ते बघा.

हे मला जेकब कौनिन यांच्या अभ्यासातून पटलं. अमेरिकेत डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात ते मानसशास्त्र शिकवायचे. एकदा वर्गात एक विद्यार्थी वर्तमानपत्र वाचत बसला होता, त्याला ते रागावले. गंमत अशी की ज्यांना ते काहीच बोलले नव्हते, तेही सावरून बसले. कोणत्या प्रकारे रागावलं की वर्ग सुधारतो, हे शोधायला ते निघाले. शाळांमधल्या तासांचं चित्रीकरण करून बारकाईने पाहिलं. 1970 साली त्यांनी जे मांडलं, ते भलतंच होतं. शांत वर्गातले शिक्षक आणि गोंधळाच्या वर्गातले शिक्षक, गडबड झाल्यावर दोघंही साधारण तेच करतात. फरक असतो तो गडबड होऊच नये म्हणून आधी केलेल्या गोष्टींत.

वह्यांचंच घ्या. "गणिताच्या वह्या काढा" असं सांगून झाल्यावर शिक्षकाला गृहपाठ आठवतो. कुणी केला नाही? हात वर करा. मग एकाला उभं करून चार शब्द सुनावणं. मग पुन्हा वह्या. मग हजेरी राहिली म्हणून हजेरी. या सगळ्यात उरलेल्या मुलांच्या हाताला काहीच काम नाही. ती बोलणार, ढकलणार, खोडरबर फेकणार. यात मला त्यांचा दोष दिसत नाही.

माझ्या तासाला वह्या आधीच रांगेप्रमाणे बाकांवर आलेल्या असतात. ते काम मॉनिटरचं. फळ्यावर एक गणित लिहिलेलं असतं. आत आलं की बसायचं आणि ते सोडवायचं, मी हजेरी घेते. हे गणित आजच्या धड्यातलं कधीच नसतं, गेल्या आठवड्यातलं असतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं किती झपाट्याने विसरतं. आणि 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवतं. म्हणजे ते एक गणित वर्ग बसवतं आणि जुनं पक्कंही करतं. नव्या शिक्षकाने एवढी एकच सवय लावली तरी मला पुष्कळ वाटेल.

दुसरं, टेबलाला चिकटून राहू नका. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आधीच्या आठवड्यात वडोदऱ्यात कुठल्याही वर्गात शिकवून बघा! निम्मं लक्ष खिडकीबाहेरच्या आकाशात. त्या दिवसांत एक मुलगा बाकाखाली बोटाला मांजा गुंडाळत बसला होता. मी गणित मोठ्याने वाचतच त्याच्या बाकापाशी गेले आणि त्याच्या वहीत तो जिथे थांबला होता त्या पायरीवर बोट ठेवलं. नाव घेतलं नाही, वाचन थांबवलं नाही. मांजा खिशात गेला, पेन्सिल हातात आली. मी थांबून त्याला बोलले असते, तर सगळा वर्ग आपापलं गणित सोडून त्याच्याकडे बघत बसला असता. बाईंचं सगळीकडे लक्ष आहे, हे मुलांना कळलं पाहिजे. आणि बोलायचंच झालं तर ज्याने केलं त्यालाच. शेजारच्याला रागावलात की संपलं, मुलं असला अन्याय विसरत नाहीत.

प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेतल्या शिक्षण-अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून मोजलं, तर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. आमच्याकडे तर घरी मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी. विचार करून वाक्य जुळवायला मुलाला वेळ लागणारच. मी मनातल्या मनात सावकाश तीन आकडे मोजते.

आता ज्याच्यावर सगळ्यांत जास्त बोलावंसं वाटतं ते. सतत त्रास देणारा मुलगा बहुतेक वेळा अडलेला असतो. पाच छेद सहा अधिक तीन छेद आठ, हे गणित बघा. सहा आणि आठचा लसावि चोवीस काढायचा, अपूर्णांक वीस छेद चोवीस आणि नऊ छेद चोवीस करायचे, मग बेरीज एकोणतीस छेद चोवीस. ज्याला सहाचा आणि आठचा पाढा येत नाही, त्याचं डोकं लसावि शोधतानाच भरून जातं; पुढच्या पायऱ्यांना जागाच उरत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी 1988 पासून हेच मांडलं आहे. अशा मुलाला मी पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू देते आणि अर्धवट सोडवलेलं गणित देते, शेवटची पायरी त्याची. पुढच्या वेळी शेवटच्या दोन. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की म्हणायचे ते हेच, की मदतीने आज जे जमतं ते उद्या एकट्याने जमेल. काम जमायला लागलं की खोड्या काढायची त्याची गरज कमी होते, हे मी वारंवार पाहिलं आहे.

चांदण्या-बक्षिसं मी फारशी देत नाही. 1973 मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं, तर पुढे ती आपणहून कमी चित्रं काढू लागली. त्यापेक्षा "आज तू छेद आधी समान केलेस" हे नेमकं सांगितलेलं मुलांना पुरतं.

"मग मारायचं नाही तर आमच्या हातात राहिलं काय?" असंही काही जण विचारतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने मारहाण आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली आहे, आणि मला ती योग्य वाटते. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, 1906 मध्ये सगळ्या बडोदे संस्थानात. तेव्हापासून या शहरातल्या वर्गांत शाळेची आवड नसलेली मुलंही बसतात. त्यांना आत आणण्याचं काम कायद्याने केलं. त्यांचं मन लावण्याचं काम आपल्याकडे आहे, आणि ते छडीने होत नाही.

तेव्हा पुढच्या पाठाच्या टाचणात शिक्षकाची कृती लिहिण्याआधी एक रकाना भरा: पहिल्या पाच मिनिटांत मुलांनी काय करायचं. वह्या कोण वाटणार, फळ्यावर कोणतं गणित, लवकर संपवणाऱ्याला पुढे काय, तेही लिहा. टाचण घेऊन माझ्या ऑफ तासाला या, बरोबर बसून बघू.