कोकणकन्येतली रात्र आणि आजींचं माजघर

लेक आठ महिन्यांची झाली आणि मे महिन्यात तिला पहिल्यांदा कुडाळजवळच्या गावी, आजेसासूबाईंकडे न्यायचं ठरलं. ठाण्याहून कोकणकन्या. गाडी रात्री अकरानंतरची आणि लेकीची झोपायची वेळ आठची. सामानाची यादी एका दुपारी झाली, पण तिच्या झोपेची काळजी मला आठवडाभर लागून राहिली होती.

एवढं मला तोवर कळलं होतं की तिला क्रमाने झोप येते. कोमट पाण्याने अंग पुसायचं, झबलं बदलायचं, दिवा मंद करायचा, दूध, मग अंगाई. जागा बदलली तरी हा क्रम मोडायचा नाही, असं ठरवलं. तिच्या अंथरुणावरची चादरही मुद्दाम चार दिवस धुतली नाही. घराचा वास सोबत न्यायचा होता.

घरी आठला झोपवलं आणि साडेदहाला तशीच छातीशी बांधून निघालो. ठाणे स्टेशनात घोषणा सुरू झाली आणि ती टक्क जागी! रडली नाही, दिव्यांकडे बघत राहिली. मी तिला खेळवलं नाही, फक्त पाठीवर हात ठेवला.

पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, तसा वेगळा बर्थही नाही. 2022 मध्ये लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला बाळाचा छोटा बर्थ लावून पाहिला होता. तो सगळ्या गाड्यांत यावा असं मला मनापासून वाटतं. नवऱ्याने मधल्या बर्थच्या अंथरुणाखाली माझ्या ओढणीचं टोक खोचलं आणि खाली छान आडोसा झाला. थर्मासमधलं कोमट पाणी, मऊ फडकं, झबलं, दूध, अंगाई. गाडीने पनवेल सोडलं तेव्हा ती झोपली होती. भिंतीच्या बाजूला, आपल्या चादरीवर, पाठीवर.

एसी गार होता, पण डब्यातलं जाड ब्लँकेट तिच्यावर घातलं नाही. एकावर एक दोन सुती कपडे पुरले. हातपाय गार लागले तरी घाबरायचं नाही, मानेला मागून हात लावून बघायचं, हे आमच्या डॉक्टरांनी शिकवलेलं. अरुंद बर्थवर तिच्या शेजारी गाढ झोपायची मला भीती वाटते, म्हणून आम्ही दोघांनी पाळीपाळीने जागरण केलं.

पहाटे रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागला. साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. चाकांचा आवाज एकदम घुमायला लागला. तिने भुवया आकसल्या, मूठ चादरीवर फिरवली, टोक पकडलं, नाकाशी नेलं आणि पुन्हा शांत झाली. मी श्वास रोखून बघत होते.

खरी परीक्षा गावातच झाली. दिवसभर ती या कडेवरून त्या कडेवर. काकू, आत्या, शेजारणी, सगळ्यांना घ्यायची होती आणि मला कुणाला नाही म्हणवेना. दुपारची झोप हुकली. संध्याकाळी डोळे चोळत किरकिर, मग रडून रडून लालबुंद. फार दमलेलं मूल उलट झोपतच नाही, हे माहीत असूनही मी ती वेळ येऊ दिली, याचं वाईट वाटलं.

आजी ओसरीवरून उठल्या. "चेडवाक आदी काळोख होयो, मगे नीज येतली," म्हणाल्या आणि तिला घेऊन माजघरात गेल्या. आढ्याला जुन्या नऊवारीची झोळी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, स्वतः त्या कापडाला लोंबकळून पाहिलं, मगच तिला आत ठेवलं. पंधरा मिनिटांत डोळा लागला.

पण रात्रभर झोळी मला नको होती. बाळ आत मुटकुळं होऊन पडतं, हनुवटी छातीला टेकते. आजींनी राईची उशीही शिवून ठेवली होती. वर्षाच्या आत उशी नको, सपाट अंथरुणावर पाठीवरच झोपवू, असं मी त्यांना हळूच सांगितलं. त्यांनी उशी घडी करून फडताळात ठेवली. "पुढल्या मेत घेवन ये," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारानंतर आजींनी माजघराचं दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर स्वतः बसल्या. कुणाला आत सोडलं नाही. त्या रात्री दहाला वीज गेली. चटईवर माझी लेक नुसत्या झबल्यात, मच्छरदाणीत, हात पसरून झोपलेली. आजी बाहेरून विंझण्याने वारा घालत होत्या, जाळी हलेल एवढाच.