प्रयाग चिखली ते नृसिंहवाडी: मेटल डिटेक्टर घेऊन नदीकाठी जाणार असाल तर

परदेशातल्या तळ्यांवरचे व्हिडिओ बघून मशीन घेतलं असेल तर ते व्हिडिओ आधी विसरा. तिथं पोहायला येणाऱ्यांसाठी राखलेले किनारे असतात, वाळू स्वच्छ असते, पाणी नितळ असतं आणि दर चाळणीत अंगठी निघते. मशीन विकणाऱ्यानं मलाही तेच चित्र दाखवलं होतं. ‘गोडं पाणी आहे, मिठाचा त्रास नाही, चालू करा आणि फिरवा.’ मिठापुरतं त्याचं बरोबर आहे. खाऱ्या ओल्या वाळूत साधं मशीन उगाच ओरडत राहतं, नदीत तसं होत नाही. त्यापलीकडचं त्याचं एकही वाक्य कोल्हापुरात खरं ठरलं नाही.

आपल्याकडची जमीन काळ्या पाषाणाची आहे. हा खडक झिजून झालेल्या गाळात लोहाचे बारीक कण भरपूर असतात. पंचगंगेच्या काठची मूठभर रेती सुकवा आणि तिच्यावरून लोहचुंबक फिरवा, काळी पूड चिकटून येईल. मशीनला ही जमीनच धातू वाटते. म्हणून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज सोडून द्यायला मशीनला शिकवणं, एकदा करून भागत नाही. कोरडा काठ, ओला काठ आणि पाण्याखालचा तळ, प्रत्येक ठिकाणी तो नव्यानं करावा लागतो. सेन्सिटिव्हिटी पूर्ण चढवली की जास्त खोल दिसतं हा समज इथं उपयोगाचा नाही. ती उतरवा, मशीन शांत होऊ द्या, मग कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, सावकाश फिरवा. वीतभर खोलीचं नाणं नीट वाजलं तरी समाधान माना.

दुसरी फसगत नाण्यांची. रुपयाची आणि दोन रुपयांची आजची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत आणि त्यांना चुंबक लागतो. व्हिडिओत सांगतात तसं लोखंड गाळायचं सेटिंग ठेवलं तर मशीन ही नाणी खिळ्यांबरोबर गाळून टाकतं. पुलाखाली दोरीला चुंबक बांधून नाणी ओढणाऱ्या पोरांना हे आपल्याआधीपासून माहीत आहे. त्या नाण्यांच्या मागं लागूच नका. ती त्यांची कमाई आहे, आणि चुंबकापुढं आपलं महागडं मशीन तिथं हरतं.

आपल्या कामाची ती जुनी नाणी. 1975 ते 1991 मधला रुपया तांबं-निकेलचा आहे. मशीनच्या पडद्यावर त्याचा आकडा सोन्याच्या पातळ अंगठीच्या आसपास येतो, म्हणून त्या पट्ट्यातला प्रत्येक आवाज उकरावा लागतो. ॲल्युमिनियमचे कंगोरेदार दहा पैसे त्याहून वर वाजतात, चांदीचा राणीछाप रुपया सगळ्यांत वर. बाटलीचं बूच लोखंडी असूनही कधी कधी वरचा सूर देतं. तेव्हा त्याच जागेवर काटकोनात वळून पुन्हा कॉइल फिरवा. आवाज तुटला, आकडा उड्या मारू लागला, तर ते बूच. आणि बारीक कड्यांची सोन्याची साखळी जवळजवळ वाजतच नाही, कारण मशीन प्रत्येक कडी सुटी धरतं. मंगळसूत्रात फक्त वाट्या वाजतात. ‘चेन पडली आहे, मशीन घेऊन या’ असं कुणी म्हटलं की हे त्याला आधी सांगा.

चिखलीबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे, कारण तिथं सगळं सरळ झालं. नदी इथून पुढं पंचगंगा म्हणून वाहते. कोल्हापुरातून सकाळी लवकर निघालात तर ऊन चढायच्या आत काम उरकतं. जागा मोकळी, माणसं बोलकी. जा.

शहरातल्या पंचगंगा घाटावर मात्र मशीन नेऊ नका. दगडी पायऱ्यांच्या सांध्यांत आवाज खूप येतात, पण सांधे उकरणं म्हणजे घाट मोडणं. शिवाय पाण्यात देवांच्या जुन्या तसबिरी सोडलेल्या असतात. खिळे, पत्रा, तारा आणि मुख्य म्हणजे काचा. पुढं नृसिंहवाडीलाही तेच.

आता वाडी. नरसोबाच्या वाडीला मी एप्रिलच्या अखेरीस गेलो. इथं पंचगंगा कृष्णेला मिळते. दोन्ही नद्यांवर बंधारे आहेत, त्यामुळे पाणी किती आहे हे ऋतूपेक्षा बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, आहेत की काढलेत यावर ठरतं. खाली राजापूरचा बंधारा भरलेला असला की वाडीला पाणी तुंबून राहतं आणि उघडा काठ उरतच नाही. निघायच्या आदल्या दिवशी गावात कुणाला तरी फोन करून ‘पाणी कुठल्या पायरीला आहे’ एवढं विचारा. मी विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं, ते बरोबरही निघालं. खोटं निघालं ते पलीकडचं वाळवंट.

घाटावर भक्तांची गर्दी असते, तिथं मशीन फिरवणं शोभत नाही आणि कुणी फिरवूही देणार नाही. नावेवाल्याला विचारलं तर म्हणाला, ‘पल्याड चला की, लई मोठं वाळवंट हाय, तिकडं कुणी येत न्हाई.’ दर ठरला माणशी शंभर रुपये. नाव औरवाडच्या अंगाला, नेहमीच्या उतारापासून बरीच खाली नेऊन लावली. दुरून जे वाळवंट दिसत होतं ती वाळलेल्या गाळाची साय होती. वर भेगा पडलेला कोरडा पापुद्रा आणि खाली पिंढरीपर्यंत काळा, चिकट, कुजका गाळ. वाळू उपसून उपसून ज्या काठांचं वाळवंट गेलं, तिथं पुराचा हाच गाळ बसला आहे. पहिल्या पावलाला पापुद्रा तोलतो, तिसऱ्याला फुटतो. बूट आत राहतो आणि पाय वर येतो.

हा पट्टा लांबीला दोन-तीनशे पावलं असेल. तो पार करायला मला सकाळचा मोठा भाग लागला. एका हातात मशीन, दुसऱ्यात खुरपं, पाठीवर पाणी, आणि दर पावलाला पाय उपसून काढायचा. कॉइल गाळाला टेकली की आवाज येतात, उचलली की काहीच येत नाही. उकरलं तर खड्डा लगेच भरतो आणि वस्तू पिनपॉइंटरच्या, म्हणजे खड्ड्यात घालायच्या हातातल्या छोट्या डिटेक्टरच्या, टोकापासून खाली सरकते. चाळण इथं निकामी आहे, गाळ चाळणीतून पडतच नाही, पाण्यात नेऊन धुवावा लागतो. आणि धुवायला पाण्यात उतरायचं तर मगरीचा विचार करावा लागतो. कृष्णेत मगरी आहेत. सांगली, भिलवडीच्या पट्ट्यात माणसांवर हल्ले झाले आहेत. उन्हाळ्यात त्या अशाच निवांत, माणूस नसलेल्या गाळाच्या काठावर ऊन खायला येतात. ‘तिकडं कुणी येत न्हाई’ याचं खरं कारण तेच असणार. काठालगत गाळावर ओढल्यासारखा रुंद पट्टा दिसला आणि मी माघारी वळलो. तसा पट्टा दिसला तर तो कशाचा आहे याची खात्री करत थांबू नका.

परतीला नाववाल्यानं पाचशे मागितले. का, तर ‘जायचं शंभर ठरलं होतं, यायचं कुठं ठरलं होतं?’ गाळानं भरलेला, पाणी संपलेला माणूस पलीकडं अडकलेला आहे हे त्याला दिसत होतं. मी दिले, आणि आजही त्याची चीड आहे. रस्त्यानं फिरून येणं दमलेल्या माणसाला शक्य नव्हतं. तुम्ही चढण्याआधी जाऊन-येऊन दर ठरवा, दुसऱ्या नाववाल्याच्या समोर ठरवा आणि सगळे पैसे परत आल्यावर द्या. आगाऊ मागितले तर नावेत बसू नका. खरं तर त्या काठाला जाऊच नका. डिटेक्टिंगसाठी तो निव्वळ वाया आहे, आणि हे मी दमलेल्या अंगानं नाही, नीट विचार करून सांगतो.

तरीही वाडीला जावं असं मी म्हणेन. दुपारी घाटापासून दूर, झाडांखाली जिथं लोक कपडे बदलतात, डबे सोडतात, मोटारी लावतात, त्या कोरड्या जमिनीवर मला अर्ध्या तासात सकाळपेक्षा जास्त मिळालं. तिथल्या माणसाला आधी विचारलं, तो हो म्हणाला. जुने रुपये निघाले, किल्ल्या निघाल्या, मंगळसूत्राची एक वाटी निघाली. पाण्यात हरवतं त्याहून कपडे काढता-घालताना जास्त हरवतं. ओल्या, गार बोटातली अंगठी टॉवेलाबरोबर निघून येते आणि कळतही नाही. पुढं जाणाऱ्यांनी वेळ अशा जागांवर घालवावा. वाटी मी देवस्थानच्या कार्यालयात दिली. परत निघताना कवठाची बर्फी घेतली.

पाण्याकाठी निघालेल्या बाकीच्या वस्तूंबद्दल मात्र मनापासून सांगायचं आहे. आपल्या नदीत सापडणारा बराच धातू हरवलेला नसतो. देवघरातले टाक झिजले की नवे करून जुने नदीत सोडतात. चिखलीला मला असा एक टाक मिळाला, नाकडोळे पुसट झालेले, पण देव ओळखू येत होता. दहाव्याच्या जागेजवळ जोडवी मिळतात, मणी मिळतात. ती कुणाच्या पायातली होती आणि का सोडली असतील हे आपल्या घरातल्या कुठल्याही बाईला विचारा. पुलावरून हात जोडून टाकलेलं नाणं हे त्या माणसानं नदीला दिलेलं असतं. माझा नियम एवढाच: टाक, जोडवी, ताईत पुन्हा पाण्यात. क्रियाकर्माची जागा आणि स्मशानाचा काठ पूर्ण सोडायचा, तिथं मशीन चालूही करायचं नाही. राखेतून आणि सराफकट्ट्याच्या धुळीतून सोनं काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या ते काम पोटासाठी करत आले. आपण हौसेनं जातो, आपल्याला ती सबब नाही.

कायद्याचंही कुणी नीट सांगत नाही. 1878 चा निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, आणि लपवली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे मडक्यातली जुनी नाणी निघाली तर हात लावू नका, फोटो काढा आणि कळवा. परवा कुणाची तरी पडलेली अंगठी हा निधी नव्हे. ती ज्याची त्याचीच राहते, आणि मालक शोधायची जबाबदारी सापडणाऱ्यावर येते. खिद्रापूर वाडीहून जवळ आहे, कोपेश्वराचं मंदिर बघायला जरूर जा, पण मशीन गाडीतच ठेवा. ते संरक्षित स्मारक आहे. काठावर सहज फिरवतो म्हटलं तरी तुमचं कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

सामानात एकच गोष्ट ठासून सांगतो: जाड तळाचे, घोट्यावर घट्ट बांधता येणारे बूट. गमबूट नको, गाळ तो ओढून घेतो. हातमोजे काचांसाठी. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. जलपर्णी साचलेल्या आणि पाण्याला वास येणाऱ्या जागी, विशेषतः इचलकरंजीच्या खाली तेरवाडकडं, अंगावर जखम असेल तर पाण्यात पाय घालू नका. कॉइल पाण्यात चालते म्हणून वरचा पडदा-बटणांचा डबाही चालेल असं समजू नका, बऱ्याच मशीनचा चालत नाही.

कुणी हरवलेल्या दागिन्यासाठी बोलावलं तर त्या माणसाला जागेवर सोबत आणा. फोनवर ‘पायऱ्यांच्या डाव्या अंगाला’ म्हणतात आणि समोर उभे राहिले की उजवीकडं बोट दाखवतात. कुठं कपडे ठेवले, कुठून उतरले, कुठं साबण लावला हे त्यांना पुन्हा चालून दाखवायला सांगा. मग दोन खुंट्यांना सुतळी बांधून पट्टे पाडा आणि एकेक पट्टा पूर्ण करा, आधी कोरडा, मग ओला. मधे पूर येऊन गेला असेल तर सरळ नाही म्हणा. 2019 आणि 2021 च्या पाण्यानं या काठांवर जो गाळ टाकला आहे, त्याच्या खालचं आपल्या मशीनला ऐकू येत नाही, आणि एखाद्या बाईला खोटी आशा लावून दिवसभर काठावर बसवणं बरं नव्हे. पैसे घेत असाल तर फक्त जाण्यायेण्याचे घ्या, आणि आकडा निघण्याआधी सांगा.