तुम्ही विचारलंत म्हणून: बेळगावचा माणूस वाळूत पळायला कशाला जातो?

"काय ओ सर, आपल्याकडं मैदानं काय कमी आहेत, पळायला वेंगुर्ल्याला कशाला जाताय?" गेली चार-पाच वर्षं हा प्रश्न मला भरतीच्या पोरांचे आईवडील विचारतात, शेजारी विचारतात, घरची तर दर वेळी विचारते. जातो म्हणजे काय, महिन्यातनं एखादा रविवार, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली करत खाली उतरायचं आणि जेवून परत. मासे हे कारण नाही असं मी म्हणणार नाही.

पण खरं कारण वाळू. डांबरी रस्त्यावर पाय आपटला की रस्ता थोडं परत देतो, टाचेमागची शीर स्प्रिंगसारखी ताणते नि आपल्याला पुढं ढकलते, वाळू काहीच परत देत नाही, पाय रुततो, मागं सरकतो, तुमची निम्मी ताकद वाळू हलवण्यातच जाते. बेल्जियममधल्या संशोधकांनी 1998 साली हे मोजून छापलंय, तेवढ्याच वेगानं कडक जमिनीवर चालण्यापेक्षा कोरड्या वाळूत चालायला 2.1 ते 2.7 पट एनर्जी लागते, आणि पळायला 1.6 पट. म्हणजे गंमत बघा, चालणाऱ्यालाच वाळू जास्त दमवते! म्हणून गुडघे कुरकुरणाऱ्या साठीतल्या मंडळींना मी सांगतो, पळू नका, नुसतं वीस मिनिटं चाला, दणका कमी बसतो आणि घाम तेवढाच येतो.

आता माझा मूर्खपणा. पहिल्यांदा गेलो तेव्हा रोज दहा किलोमीटर पळणारा गडी मी, मला काय होतंय म्हणून अनवाणी सुक्या वाळूत पाच किलोमीटर मारले. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की जिना उलटा उतरत होतो, टाचेची शीर पुढं तीन आठवडे दुखत होती. बुटात वर्षानुवर्षं झोपलेले तळव्याचे, घोट्याचे बारीक स्नायू एका दिवसात उठवायचे नसतात. सुरुवात ओल्या, घट्ट वाळूवर, दहा-पंधरा मिनिटं, मग हळूहळू सुक्या वाळूत. आणि किनारा उतरता असतो, एकाच बाजूनं पळत राहिलात तर एक पाय सारखा खाली पडतो नि कंबर बोलायला लागते, म्हणून जेवढं गेलात तेवढं फिरून या. ओहोटीला रुंद सपाट पट्टा मिळतो. (भरतीच्या पोरांना ओहोटीला पळवतो, हा माझा जुना जोक, आता कोणी हसत नाही.)

घड्याळ मात्र बघू नका, वेळ वाईटच येणार. पोरांना 1600 मीटर कडक मैदानावर पळायचेत, त्याची तयारी कडक मैदानावरच होते. वाळू म्हणजे लोणचं, भाकरी नव्हे.

एका पालकानं मला विचारून शेतात ट्रॉलीभर एम-सँड ओतून घेतली, पोरगं दोन दिवसांत तळवे सोलून बसलं. मीच आधी सांगायला पाहिजे होतं, ती दगड फोडून केलेली, तिच्या कणांना धार असते, समुद्राच्या घासून गुळगुळीत झालेल्या वाळूसारखी नसते ती. त्यापेक्षा आपल्याकडंच काय आहे बघा की. रोप लावणीला माझी आजी गुडघाभर चिखलातनं दिवसभर मागं मागं सरकायची, सत्तरीत तिच्या पोटऱ्या माझ्यापेक्षा दणकट होत्या, तिला कोणी फिटनेस शिकवला नव्हता. नाहीतर तालमीतली तांबडी माती, ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली, रोज फावड्यानं उकरलेली. त्यात अनवाणी जागच्या जागी उड्या, बैठका मारून बघा, पाय वाळूसारखेच भरून येतात. फक्त वस्तादांना आधी विचारा, बूट घालून आत शिरलात तर माझं नाव सांगू नका.