आधी काय शिकू? रेंज गेल्यावरची वेबसाइट

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. कोल्हापुरातली इंजिनिअरिंगची मुलं भेटली की एकच प्रश्न येतो: वेबमध्ये सारखं नवीन फ्रेमवर्क (साइट बांधायचा तयार सांगाडा) निघतं, मग इथं बसून आधी शिकायचं तरी काय?

ब्राउझर शिका. त्यातही रेंज गेल्यावर तुमची साइट कशी वागते, ते सगळ्यात आधी. जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी २००६ साली आली, कारण तेव्हा प्रत्येक ब्राउझर वेगळं वागायचा. पुढं तीच कामं ब्राउझरमध्येच व्हायला लागली आणि तिची गरज ओसरली. ॲनिमेशन आणि गेमसाठी वापरलं जाणारं फ्लॅश हे प्लगइन, त्यावर उभं केलेलं सगळं २०२० च्या अखेरीस बंद पडलं. एचटीएमएल (पानाचा मजकूर), सीएसएस (त्याची सजावट) आणि एचटीटीपी (ब्राउझर-सर्व्हरच्या बोलण्याचे नियम) ज्यांना नीट येत होतं, त्यांचं यात काही वाया गेलं नाही.

सरावाला कोल्हापुरी चपलांचा वीस फोटोंचा, दरांसकट कॅटलॉग करा. फोनमधला फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो ८०० पिक्सेल रुंदीच्या वेबपीमध्ये, म्हणजे वेबसाठीच्या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये, आणला की बहुतेक वेळा शंभर केबीच्या आसपास बसतो. प्रत्येक फोटोला रुंदी-उंची लिहा, नाहीतर फोटो आला की खालचा मजकूर उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. पहिल्या मोठ्या फोटोला लेझी लोडिंग (पडद्याजवळ आल्यावरच फोटो मागवणं) लावू नका. ही चूक फार दिसते. सगळ्यात महत्त्वाचा फोटोच त्यामुळं उशिरा येतो. गूगलच्या निकषात मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा.

मग गगनबावड्याला किंवा आंबा घाटाकडं जाणाऱ्या एसटीत बसा. ब्राउझरमधल्या डेव्हटूल्समध्ये (साइट तपासायच्या साधनांत) नेट हळू करता येतं, पण ते एकसारखं हळू होतं. घाटात तसं नसतं. फोनवर दोन कांड्या दिसतात आणि डेटा मात्र सरकत नाही. अशा वेळी ‘ऑनलाइन आहे का’ असं ब्राउझरला विचारलं तर तो हो म्हणतो, कारण फोन टॉवरला जोडलेला असतो. पलीकडं इंटरनेट आहे की नाही, हे तो बघतच नाही. त्यात फेचला, म्हणजे जावास्क्रिप्टमधून डेटा मागवायच्या फंक्शनला, स्वतःची अशी वेळमर्यादा नसते, म्हणून गोल चक्र फिरत राहतं. ॲबॉर्ट सिग्नलनं (मागणी मध्येच थांबवायच्या सोयीनं) पाच सेकंदांची मर्यादा घाला, आणि ती संपली की साठवलेली यादी दाखवून वर ‘जुने दर’ असं स्पष्ट लिहा. शाहूवाडी-चंदगडच्या गिऱ्हाईकाला कोऱ्या पानापेक्षा कालचा दर केव्हाही बरा.

हे आतून बघायचं तर फोन केबलनं लॅपटॉपला जोडा. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात; तिथं यूएसबी डिबगिंग चालू करा, म्हणजे लॅपटॉपवरून फोनमधलं पान तपासता येतं. निघायच्या आधी, नेट असताना, लॅपटॉपच्या क्रोममधली इन्स्पेक्टची खिडकी (फोनमधलं पान तपासायची) एकदा उघडून बघा. फोनमधल्या क्रोमच्या आवृत्तीप्रमाणं काही भाग नेटवरून यावा लागतो; तो आलेला नसला की घाटात खिडकी कोरीच उघडते.

पानं आणि फोटो फोनमध्ये साठवण्याचं काम सर्व्हिस वर्करचं, म्हणजे पान आणि नेटवर्कच्या मध्ये बसणाऱ्या जावास्क्रिप्टचं. तो एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) किंवा लोकलहोस्टवरच (स्वतःच्या लॅपटॉपवर चालणाऱ्या साइटवर) चालतो. इथं बहुतेक जण अडकतात ते असं: एचटीएमएलसुद्धा ‘आधी कॅशे’ (आधी साठवलेली प्रत) पद्धतीनं ठेवतात, मग दर बदलले तरी गिऱ्हाईकाला जुनंच पान दिसत राहतं. शिवाय नवा सर्व्हिस वर्कर आला तरी साइटचे सगळे टॅब बंद होईपर्यंत तो ताटकळत बसतो. म्हणून एचटीएमएलला आधी नेटवर्क, तीन सेकंदांत उत्तर नाही आलं तर कॅशे. फोटो आणि सीएसएसला आधी कॅशे, आणि फाइलच्या नावातच आवृत्ती, म्हणजे बदललेली फाइल नव्या नावानं मागवली जाते.

मराठी साइटचा फॉन्ट हा वेगळाच विषय. देवनागरी फॉन्ट जड असतो, कारण जोडाक्षरांचे आकार त्यातच असतात. तो हलका करताना काही जण फक्त सुटी अक्षरं ठेवतात आणि जोडाक्षरं जुळवणारे नियम उडवतात. मग ‘कोल्हापूर’मधला ‘ल्हा’ फुटतो, ल खाली हलंत घेऊन एकटा उभा राहतो. फॉन्ट छाटताना हे नियम, म्हणजे लेआउट फीचर्स, तशीच राहू द्या. शीर्षकाला लेटर स्पेसिंगही देऊ नका, शिरोरेघ तुटते.

पुण्या-मुंबईचा प्रवास लांबचा. कोयना एक्स्प्रेससारख्या दिवसाच्या गाडीत वाचन चांगलं होतं, पण तयारी घरी करावी लागते. डेव्हडॉक्स या साइटवर एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टची कागदपत्रं ऑफलाइन उतरवून घ्या. एनपीएमची (जावास्क्रिप्टची तयार पॅकेजेस उतरवणाऱ्या साधनाची) पॅकेजेस आधीच बसवा. गाडीत इन्स्टॉल सुरू केलं आणि मध्येच रेंज गेली की नोड मॉड्यूल्स (ही पॅकेजेस ठेवलेला फोल्डर) अर्धवट राहतात आणि चूक भलतीकडंच दिसते. गिटचे कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) नेटशिवाय होतात, पुश (त्या सर्व्हरवर पाठवणं) नंतर करा.

रिॲक्ट ही पानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी इंटरव्ह्यूत विचारतातच, तेही शिकायला हवं. फक्त हाच कॅटलॉग आधी साध्या जावास्क्रिप्टमध्ये पुरा करा आणि मग रिॲक्टमध्ये परत लिहा. दोन्ही साइट त्याच एसटीत, त्याच वळणांवर उघडून बघा आणि पहिला फोटो दिसायला किती सेकंद लागले, ते वहीत मांडा.